रांजणातला द्राक्षारस

गेली सव्वीस वर्षे आम्ही दररोज सकाळी द्राक्षारस घेत आलो आहोत. हे वाक्य वाचून कोणा वाचकाच्या भुवया उंचावल्या असतील, तर त्यांनी कृपया पुढचेही वाचावे. मिस्साबलीच्या वेळी प्याल्यात पडतो तो दोन-अडीच चमचे द्राक्षारस आणि त्यात थेंबभर पाणी, एवढाच आमचा या पदार्थाशी संबंध. त्याची चव कशी असते असे कोणी विचारले असते, तर 'गोडसर' या एका शब्दापलीकडे आम्हांस उत्तर देता आले नसते. याचे कारण अज्ञान हे आहेच, पण दुसरेही आहे. तो आमच्या ओठांना लागतो तेव्हा तो द्राक्षारस उरलेला नसतो, ही आमची श्रद्धा. मग चव पाहावयाची ती कोणाची?

असे असता २०२४ सालच्या आगमनकाळात आमच्यावर एक जुनी वाइन चाखून पाहण्याचा प्रसंग आला. रत्नागिरीत खाडीच्या अंगाला, जांभ्या दगडाच्या कौलारू घरात राहणाऱ्या एक मावशी एके सकाळी मिस्सेनंतर आमच्या कचेरीत येऊन बसल्या. वय सत्तरीच्या पुढचे, पण कणा ताठ. त्यांचे यजमान २०१६ साली देवाघरी गेले. बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "फादर, येत्या २८ तारखेला आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. हे असते तर जुबिलीची मिस्सा झाली असती. हे नाहीत, पण म्हणून पन्नास वर्षं झाली नाहीत असं थोडंच आहे?"

यावर आमच्याकडे काही उत्तर नव्हते. आम्ही डायरी उघडली आणि शनिवार, २८ डिसेंबर, सकाळी सात वाजता अशी नोंद केली. मावशी उठल्या नाहीत. "आणखी एक," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी आल्तारावर ह्यांची वाइन वापरायची."

'ह्यांची वाइन' म्हणजे काय, हे समजावून घेण्यात आमची अर्धी सकाळ गेली. काका तरुणपणीच बोटीवर लागले होते. आपल्या कोकणातील आणि गोव्यातील किती कॅथलिक घरे एकेकाळी बोटीवरच्या पगारावर उभी राहिली, हे आमच्या वाचकांना सांगणे नको. पी अँड ओसारख्या इंग्लिश कंपन्यांच्या प्रवासी बोटींवर भोजनगृहात वाढणारे स्टुअर्ड म्हणून आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आली. काका त्यांपैकीच एक. १९७९ साली त्यांची बोट लिस्बनला लागली असता त्यांनी बंदराजवळच्या एका दुकानातून लाल वाइनची एक बाटली घेतली. बाटलीवर साल होते १९७४, त्यांच्या लग्नाचे. त्यांच्या हाताखाली नव्हे, तर ज्यांच्या हाताखाली ते होते त्या वडीलधाऱ्या गोवेकर स्टुअर्डने म्हणे त्यांना बजावले होते की, ही आज पिण्याची नव्हे. आडवी ठेव, अंधारात ठेव आणि विसरून जा. काकांनी आडवी ठेवली, अंधारात ठेवली, विसरले मात्र नाहीत. मुंबईहून एस.टी.च्या रातराणीने, कशेडीचा घाट उतरत, ती बाटली त्यांनी सबंध रात्र मांडीवर धरून आणली. "मुलाला कधी तेवढी मांडी दिली नसेल," असे मावशी म्हणाल्या, आणि त्यात थोडा जुना राग होता असे आम्हांस वाटले.

घरात माजघरालगत धान्याची कोठी होती. तिच्या कोपऱ्यात अर्धा जमिनीत पुरलेला एक रांजण होता. त्यात नदीची वाळू भरून, बाटली मेणकापडात गुंडाळून, काकांनी ती त्या वाळूत आडवी पुरली. दर रविवारी मिस्सेहून आल्यावर ते वाळूवर तांब्याभर पाणी ओतीत. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने ओली वाळू गार राहते, हा त्यांचा हिशेब. काका गेले, पण तांब्या थांबला नाही. त्यानंतरची आठ वर्षे मावशी दर रविवारी त्या वाळूवर पाणी ओतीत राहिल्या. "मला वाइनीतलं काय कळतं? ह्यांनी सांगून ठेवलं होतं, पन्नास वर्षांनी उघडायची."

वाचकहो, येथे आम्हांस आमची गुरुकुलातील वर्षे आठवली. पुण्याच्या पेपल सेमिनरीत असताना आम्हांस संस्कारांचे शास्त्र शिकविणारे एक वृद्ध प्राध्यापक होते. ते परीक्षेत हटकून एक प्रश्न विचारीत: प्याल्यातील द्राक्षारस आंबून व्हिनेगर झालेला निघाला तर काय कराल? आम्ही पोरे त्यावर हसत असू. परंतु उत्तर पक्के होते. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९२४ वा नियम सांगतो की मिस्सेचा द्राक्षारस द्राक्षांपासूनच झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असला पाहिजे. व्हिनेगर झालेला रस प्याल्यात पडला, तर मिस्सा झालीच नाही. आंबू लागलेला, पण अद्याप द्राक्षारसच असलेला वापरला, तर मिस्सा होते, मात्र जाणूनबुजून तसे करणारा धर्मगुरू दोषी ठरतो.

दुसरी शंका निराळी. आपल्याकडे घरोघर कोणत्याही लाल वाइनला सरसकट 'पोर्ट' म्हणतात. खऱ्या पोर्टमध्ये द्राक्षापासूनच काढलेला मद्यार्क वरून घातलेला असतो व तिची तीव्रता शेकडा वीसच्या आसपास जाते. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोमने मिस्सेच्या द्राक्षारसाला शेकडा अठराची मर्यादा घालून दिलेली आहे. मावशींची बाटली पोर्ट निघाली असती, तर आम्हांस नाही म्हणावे लागले असते.

म्हणून आम्ही त्यांच्या घरी जाऊन बाटली पाहून आलो. मेणकापडाने लेबल बरेचसे राखले होते. पोर्ट नव्हती. पोर्तुगालच्या उत्तर-मध्य भागात व्हिझेऊ शहराभोवती 'दांव' नावाचा प्रदेश आहे. आपल्याकडे 'सांजांव' म्हणतात त्याच चालीवर हा उच्चार. १९०८ साली त्याची हद्द कायद्याने आखली गेली. चहूबाजूंनी डोंगर, खाली ग्रॅनाइटचा खडक, आणि त्यावर वाढलेल्या जाड सालीच्या द्राक्षांची तुरट, आंबटसर, टिकाऊ लाल वाइन, अशी त्याची ख्याती. ज्या वर्षाच्या शरद ऋतूत ही द्राक्षे खुडली गेली, त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये पोर्तुगालातील हुकूमशाही कोसळली होती. आणि काका-मावशींचे लग्न होऊन तीन दिवस होतात न होतात तोच, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, दिल्लीत भारत आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. आपले परराष्ट्रमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते. तोवर कित्येक वर्षे दोन्ही देशांत राजनैतिक संबंध नव्हते. काकांनी लिस्बनच्या दुकानात बाटली घेताना यातले काही मनात आणले असेल असे नाही. त्यांनी फक्त साल पाहिले.

बाटली पोर्ट नाही, ही एका अर्थी चांगली बातमी होती आणि दुसऱ्या अर्थी वाईट. मद्यार्क घातलेली वाइन उष्णता सोसते. मदेरा बेटावरची वाइन जहाजांतून हिंदुस्थानच्या वाटेला लागून, उष्ण कटिबंध दोनदा ओलांडून परत गेली की अधिकच चांगली लागते, असे जुन्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले होते. अशा फेरी मारून आलेल्या वाइनला ते 'विन्यु दा रोदा' म्हणत. पुढे बेटावरच ती तापवून तोच परिणाम साधू लागले. पण साध्या लाल वाइनला ते चिलखत नसते. तिला वर्षभर बारा-चौदा अंशांचे तळघर हवे. आमच्या रत्नागिरीत डिसेंबरची दुपारसुद्धा तिशी ओलांडते. मे महिन्याचे तर बोलूच नये.

विचारावे तरी कोणाला? महाराष्ट्रातला आधुनिक वाइन-व्यवसायच मुळी १९८० च्या दशकात नारायणगावला आकारास आला. नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली ती २००० साली. आपल्या राज्यातील जाणते लोकही बहुधा दोन-चार वर्षांच्या वाइनशीच परिचित, आणि त्यात कमीपणा काही नाही; जगातली बहुतेक वाइन तेवढ्यातच पिण्यासाठी केलेली असते. चाळीस-पन्नास वर्षे थांबण्याची ताकद फार थोड्या बाटल्यांत असते. ती ताकद येते कोठून, हे आम्ही पुस्तकांतून जमेल तेवढे समजावून घेतले. लाल वाइनचा रंग व तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरतो. तुरटपणा म्हणजे कच्चे काजूचे बोंड खाल्ले असता जीभ आखडते, तो. बंद बाटलीत वर्षानुवर्षे हे तुरट कण एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळट लाल रंग विटकरी होत जातो. फळाचा वास मागे पडून सुकलेल्या पानांचा, कातड्याचा, तंबाखूचा असे वास पुढे येतात. बुचातून आत जाणारी हवा अगदी नखभर, म्हणून हे सारे अत्यंत सावकाश घडते. पण उष्णतेने तेच घाईघाईने घडते, आणि घाईत शिजलेल्या भाताप्रमाणे बिघडते.

आम्ही मावशींना स्पष्ट सांगितले की आधी चाखून पाहू. बिघडलेली असेल तर आल्तारावर चालणार नाही. त्यांनी मान डोलावली. आता चाखावयाची कधी? कम्युनियनपूर्वी तासभर पाणी व औषध सोडून काहीही खाऊ-पिऊ नये, हा नियम आम्हां धर्मगुरूंनाही आहेच. मिस्सेच्या तोंडावर चव घेणे शक्य नव्हते. पहाटे साडेपाचला घेता आली असती. पण बाटली खराब निघाली तर पहाटेच्या गाडीने उतरलेल्या मुला-नातवंडांसमोर मावशींचा हिरमोड नको, असा विचार करून आम्ही आदल्या संध्याकाळचा मुहूर्त धरला. हा विचार त्या वेळी आम्हांस मोठा समंजसपणाचा वाटला होता.

२७ डिसेंबर. संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही आमच्या जुन्या मंदिरसेवकाला बरोबर घेऊन मावशींच्या घरी गेलो. वाटेत आमच्या ध्यानात आले की आज शुभवर्तमानकार संत योहानाचा सण. जुन्या रोमन विधिग्रंथात याच दिवशी द्राक्षारसाला आशीर्वाद देण्याची प्रार्थना आहे. योहानाला विष घातलेला द्राक्षारस देण्यात आला आणि त्याला काही बाधले नाही, अशा दंतकथेवरून हा प्रघात पडला. अनायासे जुळून आलेल्या या योगाचे आम्हांस नवल वाटले. मंदिरसेवकाला वाटले नाही. तो म्हणाला, "मग फादर, देवानेच दिवस ठरवलाय."

आमच्या सूचनेप्रमाणे मावशींनी बाटली तीन दिवस आधी वाळूतून काढून, गाळ खाली बसावा म्हणून, कोठीतच उभी ठेवली होती. आतली पातळी बाटलीच्या खांद्याच्याही खाली गेलेली. आम्ही मनातल्या मनात हात टेकले. बूच काढण्याचा स्क्रू काकांच्याच ट्रंकेतला. तो फिरवला तो बूच मधोमध तुटले. खालचा अर्धा भाग भुगा होऊन आत पडू लागला. मग धुतलेल्या मलमलीतून गाळून, बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरून, काळा गाळ मानेशी येईतो सावकाश काचेच्या जगात ओतावयाचे ठरले. मेणबत्ती सेवकाने देवळातून आणलीच होती. कशाला हवी ते त्याला तोवर ठाऊक नव्हते. एरवी थरथरणारा त्याचा हात त्या वेळी जराही हलला नाही.

रंग मधोमध फिकट डाळिंबी आणि कडेला थेट त्या घराच्या चिऱ्यांचा, जांभ्याचा. वास मात्र प्रथम वाईट आला. ओलसर, कोंदलेला, पावसाळ्यानंतर उघडलेल्या कपाटाचा. आम्ही मावशींकडे पाहण्याचे टाळले. पुढची दहा मिनिटे कोणी बोलले नाही. त्यानंतर पुन्हा नाक नेले, तर तो कोंदटपणा निघून गेलेला होता आणि त्या जागी दुसरेच काही आलेले होते. वाळत घातलेल्या आमसुलांचा वास, पानाखालच्या ओल्या मातीचा, आमच्या देवळाच्या वस्त्रागारातील सागवानी कपाटाचा, आणि त्या सर्वांमागे कोठेतरी दूर, अगदी दूर, फळाचा. आम्ही मनोमन प्रार्थना म्हटली, क्रुसाची खूण केली आणि चाखले.

ती चव शब्दांत सांगण्यास आम्ही अपात्र आहोत हे आरंभीच कबूल केले आहे, तरी सांगतो. गोडवा नाही. आंबटपणा आहे, पण स्वच्छ. व्हिनेगरचा डंख नाही. तुरटपणा जवळजवळ विरलेला, शंभरदा धुतलेल्या सुती लुगड्यासारखा मऊ. जिभेवर ती फारशी जाणवतच नाही. गिळल्यावर मात्र, आता संपली असे वाटत असता, घशात आणि नाकात कितीतरी वेळ राहते. यशया संदेष्ट्याने देवाच्या मेजवानीचे वर्णन करताना गाळावर मुरलेल्या आणि मग नितळ केलेल्या जुन्या द्राक्षारसाचा उल्लेख केला आहे. त्यावर आम्ही आजवर निदान दहा प्रवचने केली असतील. ते काय असते हे आम्हांस त्या कोठीत उभे असताना कळले.

मावशींनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "गोड नाय ही." दुसरा घेतला. मग पेला हातातच धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. "ह्यांच्या ट्रंकेचा वास येतोय," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना न लावता तशाच पाहत राहिल्या.

थोड्या वेळाने पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "चांगली आहे ना, फादर? चालेल ना?"

"चालेल, मावशी. उत्तम आहे."

"मग आत्ताच मिस्सा करा. मी टेबल मांडते, पांढरी चादर आहे."

आम्ही जे उत्तर दिले ते येथे जसेच्या तसे सांगणे भाग आहे. आम्ही म्हटले की मुले पहाटे येत आहेत, त्यांच्याशिवाय कसे करावे? मिस्सा उद्याची जाहीर झाली आहे. शिवाय आमची आजची मिस्सा सकाळीच झालेली असून ९०५ व्या नियमानुसार धर्मगुरूने एका दिवशी एकाहून अधिक मिस्सा करावयाची नसते. यातले प्रत्येक वाक्य खरे होते. त्याच नियमाचा दुसरा भाग असा आहे की योग्य कारण असल्यास बिशप दुसऱ्या मिस्सेची परवानगी देऊ शकतात, आणि तशी परवानगी आम्हांस होती. ते आम्ही मावशींना सांगितले नाही. खरे सांगावयाचे तर आम्हांस भूक लागली होती, थंडीचे दिवस होते, आणि ठरलेली गोष्ट ठरल्या वेळी करण्याची सव्वीस वर्षांची सवय होती. "उद्या सकाळी करू, मावशी," आम्ही म्हटले.

"बरं. तुम्ही म्हणाल तसं."

उरलेली वाइन आम्ही परत बाटलीत भरली, नवे बूच घट्ट बसविले. मावशींनी बाटली रात्रीपुरती पुन्हा वाळूत ठेवली. आणि त्या दिवशी रविवार नसतानाही वर तांब्याभर पाणी ओतले, असे सेवकाने आम्हांस नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला वस्त्रागारात बूच काढले. आदल्या संध्याकाळचे काहीही तेथे नव्हते. आमसुले नाहीत, सागवान नाही, फळ तर नाहीच. रंग अधिक तपकिरी झालेला. वासात एक पातळ, टोचणारी कड. चाखून पाहण्याची सोय उरलेली नव्हती. आमच्यापेक्षा जाणता मनुष्य कदाचित म्हणाला असता की ही आंबलेली नाही, केवळ थकली आहे. आम्हांस तसे खात्रीने म्हणता येईना. आंबू लागली आहे की नाही या संशयात आम्ही उभे असता आमचे वृद्ध प्राध्यापक डोळ्यांपुढे आले. घंटा वाजली. आम्ही नेहमीच्या बाटलीतून सुरईत द्राक्षारस ओतला व बाहेर आलो.

मावशी पहिल्या बाकावर होत्या. आमचा नेहमीचा द्राक्षारस गडद लाल असतो आणि सुरई काचेची. अर्पणाच्या वेळी त्यांची नजर सुरईवर गेली, तेथे क्षणभर थांबली आणि खाली वळली. पुढची मिस्सा आम्ही कशी केली ते आम्हांस नीट आठवत नाही.

मिस्सेनंतर आम्ही त्यांना बाजूस घेऊन सारे समजावून सांगू लागलो. पन्नास वर्षे बुचाआडून थेंबाथेंबाने हवा घेतलेली वाइन एकाएकी मोकळ्या हवेत आली की काय होते. तरुण वाइनला तुरटपणाचा आधार असतो, जुनीने तो केव्हाच गाळात टाकलेला असतो. तिचे उरलेले वास नाजूक, काही तासाभरातच उडून जाणारे. हे सारे खरे आहे. इतकी जुनी वाइन बूच काढून गाळली की लगेच प्यावी, असे जाणते लोक सांगतात, हेही आम्ही पुढे वाचले. मावशींनी सर्व शांतपणे ऐकून घेतले.

"फादर, मी काल म्हटलं होतं."

एवढेच. त्यात राग नव्हता. मग त्या मुला-नातवंडांत गेल्या, हसल्या, फोटो काढून घेतले, आणि नाश्त्याला सर्वांना आग्रहाने वाढले. जाताना अर्धी बाटली मात्र त्यांनी वस्त्रागारातून आठवणीने मागून नेली.

या प्रसंगाविषयी आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. सकाळच्या निर्णयाबद्दल आम्हांस आजही खंत नाही. संशय असता तो रस प्याल्यात ओतण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. खंत आहे ती संध्याकाळच्या निर्णयाची, कारण संध्याकाळी कसलाच संशय नव्हता. पंचेचाळीस वर्षे एक माणूस आणि त्याच्यामागे एक बाई त्या बाटलीची वाट पाहत होती, आणि ती तयार झाली त्या घटकेला तेथे हजर असलेला एकुलता एक धर्मगुरू दुसऱ्या दिवसाची गोष्ट बोलत होता. कानाच्या लग्नात येशूची वेळ अद्याप आलेली नव्हती. तरी आईच्या एका शब्दावर दगडी रांजण भरले गेले, हे आम्ही लग्नाच्या मिस्सेत दर वर्षी किती जोडप्यांना सांगत आलो आहोत, त्याची गणती नाही.

पुढे चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला, गेला. गुड फ्रायडेला क्रुसाजवळ येशूला आंब दिली गेली तो भाग वाचताना आमचा आवाज किंचित अडखळला; कोणाच्या लक्षात आले नसावे. पुनरुत्थानाच्या रविवारी, २० एप्रिलला, मिस्सेनंतर मावशींचा नातू एक पितळी डबा आणि एक छोटी बाटली घेऊन आला. डब्यात सोरपोतेल होते. बाटलीत विटकरी, नितळ व्हिनेगर.

मावशींनी उरलेली वाइन घरच्या माडीच्या विनागराच्या बरणीत, त्यातल्या जुन्या सायीवर ओतून ठेवली होती. साडेतीन महिन्यांत तिचे फर्मास व्हिनेगर झाले होते, आणि त्यातच यंदाचे सोरपोतेल मुरविले होते. "ह्यांनी लिस्बनहून आणलेलं काय मी टाकून देणार?" असे आजीने सांगायला सांगितले आहे, असे नातू म्हणाला. आणखी एक निरोप होता. सोरपोतेल तिसऱ्या दिवशी चांगले लागते, तेव्हा फादरनी घाई करू नये.

आम्ही डबा त्याच दुपारी उघडला.